नांव शालिमारचें, गंध कोठला ?

काव्य, नाटक आणि कादंबरी यांच्या परीक्षणास वाहिलेल्या पानांत सुगंधी द्रव्याच्या एका कुपीचें परीक्षण आलेलें पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील. परंतु ज्या द्रव्यास कर्ता आहे, रचना आहे, नांव आहे आणि त्या नांवामागें आवर्जून सांगितली जाणारी एक कथाहि आहे, त्याला कलाकृति मानून पारखावयास प्रत्यवाय कोणता ? आमच्या पूर्वजांना तरी असा प्रत्यवाय वाटला नव्हता. चौसष्ट कलांत गंधयुक्तीची गणना आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचिलेल्या बृहत्संहितेंत या विषयास स्वतंत्र अध्याय दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत लिहिलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या उपभोगांमध्यें विलेपनास व धूपास मानाचें स्थान आहे, आणि गंगाधराचा ‘गंधसार’ व मराठी टीकेसह उपलब्ध झालेला ‘गंधवाद’ या दोन ग्रंथांकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत विद्वानांचें लक्ष वेधलें होतें. तेव्हां गंधाची मीमांसा ही आपल्याकडे उपरी नव्हे.

ज्या कुपीचा येथें विचार करावयाचा आहे तिचें नांव ‘शालिमार’. पॅरिस येथील गेर्लँ या गांधिक घराण्याची पेढी १८२८ मध्यें स्थापन झाली. त्याच घराण्यांतील झाक गेर्लँ (१८७४-१९६३) यानें हें द्रव्य १९२१ मध्यें सिद्ध केलें व १९२५ मध्यें पॅरिसला भरलेल्या शोभन-कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळीं तें जगापुढें आलें. रेमों गेर्लँ यानें आंखलेली आणि बाकाराच्या प्रख्यात कांचकारांनीं घडविलेली तिची कुपी कारंजाच्या पात्रासारखी पायथ्याशीं निमुळती व वर पसरट असून तिला निळें बूच आहे. शंभर वर्षें लोटलीं, मधल्या काळांत शेंकडों सुगंध निघाले आणि विस्मृतींत गेले. शालिमार मात्र अजून विकलें जातें, आणि ‘पौर्वात्य’ म्हणून पाश्चात्य बाजारांत जो सुगंधांचा वर्ग रूढ झाला त्याचें तें आदर्श उदाहरण समजलें जातें. इतकें दीर्घायुष्य लाभलेल्या कृतीस परीक्षणाचा मान देणें भागच आहे.

या कुपीबरोबर एक कथाहि विकली जाते. शहाजहान बादशहा व मुमताज बेगम यांचें प्रेम शालिमार बागेंत फुललें, ती बाग त्यानें आपल्या लाडक्या बेगमेस अर्पण केली, आणि त्या अमर प्रेमाचा सुगंध या कुपींत उतरला आहे, अशी ती कथा होय. २०१३ मध्यें पेढीनें काढविलेल्या चित्रपटरूपी जाहिरातींत तर हा सारा थाट राजवाडे, हत्ती आणि सरोवर यांसह मांडला होता; नायिका मात्र रशियन होती. आतां इतिहास काय सांगतो तें पाहूं. शालिमार नांवाच्या प्रसिद्ध मोंगली बागा दोन. काश्मीरांतील दल सरोवराच्या कांठची बाग जहांगिरानें १६१९ मध्यें करविली; तिच्या कामांत शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शहाजहान, याचा हात असला तरी ती बाग बापाची. लाहोरची बाग शहाजहानची खरी. पण तिच्या कामास प्रारंभ झाला १६४१ मध्यें. आणि मुमताज बेगम तर त्यापूर्वीं दहा वर्षें, १६३१ मध्यें, आमच्या खानदेशाच्या वेशीवरील तापीकांठच्या बुऱ्हाणपुरांत चौदाव्या बाळंतपणांत मरण पावली होती. जी बाग तिच्यासाठीं केली असें म्हणावें ती तिच्या मरणानंतर झाली, आणि जी तिच्या हयातींत झाली ती तिच्या सासऱ्याची ! मोहरीएवढी चौकशी केली असती तरी हा घोटाळा टळता.

यावर कोणी म्हणेल कीं, ‘अहो, कवीस इतिहासाचा ताळेबंद कशास मागतां ? यक्षाची अलका तरी कोणीं मोजून पाहिली होती ?’ आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. कल्पित सांगणें हा कवीचा अपराध नव्हे, अधिकार आहे. पण कवि कल्पितास कल्पित म्हणूनच वाचकांपुढें ठेवतो. अलका नगरी कोणास विकत घ्यावी लागत नाहीं, आणि यक्षाचा पत्ता खरा मानून कोणी पैका मोजीत नाहीं. येथें गोष्ट वेगळी आहे. कथा खरी मानली जावी अशाच बेतानें ती सांगितली जाते, खऱ्या बादशहाचें व खऱ्या बेगमेचें नांव तींत घातलें जातें, आणि त्या खरेपणाच्या भासाची किंमत कुपीच्या किंमतींत मिळविली जाते. जेथें इतिहासाच्या नांवावर मोल घेतलें जातें, तेथें इतिहासाचा हिशेब मागण्याचा ग्राहकास व टीकाकारास पूर्ण अधिकार आहे.

बरें, नांव सोडून कुपीच्या आंत पाहिलें तर काश्मीर अथवा लाहोर कितपत सांपडतें ? या सुगंधाच्या प्रारंभीं जो शीतल, किंचित् कडसर झोत येतो तो बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचा; हें फळ इटलीच्या दक्षिण टोंकास कालाब्रिया प्रांतांत पिकतें. मधला चूर्णासारखा मृदु गंध आयरिसच्या वाळविलेल्या कंदाचा, आणि तोहि मुख्यत्वें इटलींतील तस्कनीच्या परंपरेंतला. अखेरचा मधुर गंध व्हॅनिलाचा. ही वेल मूळची मेक्सिकोची. टोंका नांवाचें सुगंधी बीं दक्षिण अमेरिकेचें. ओपोपॅनॅक्स हा राळेसारखा डिंक सोमाली भूमीकडचा. जाई व गुलाब आहेत, पण ते फ्रेंच गांधिकाच्या हाताखालून गेलेले. केवडा नाहीं, चंपक नाहीं. आणि ज्या काश्मीरचें नांव मिरविलें त्या काश्मीरचें केशरहि नाहीं. आमच्या कोशकारांनीं केशरास ‘काश्मीरज’ असेंच नांव दिलें आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे यांतील विनोद पुरता कळतो. सारांश, या कुपींत हिंदुस्थान आहे तो प्रायः बाहेरच्या चिठ्ठीवर.

परंतु याचा अर्थ असा नव्हे कीं, या सुगंधास इतिहास नाहीं. त्यास इतिहास आहे, फार मोठा आहे. फक्त तो सांगितला जात नाहीं. व्हॅनिलाचेंच उदाहरण घ्या. मेक्सिकोंतून ही वेल इतरत्र नेली तेव्हां ती वाढे, फुले, पण तिला शेंग म्हणून धरेना; कारण परागीकरण करणारे तिच्या मूळ देशींचे कीटक नव्या देशांत नव्हते. हिंदी महासागरांतील रेयुनियों बेटावर १८४१ मध्यें एदमों नांवाच्या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडी व अंगठा यांच्या साह्यानें तें फूल हातानें फळविण्याची युक्ति काढली. आज जगांत जी व्हॅनिला पिकते तिचें एकेक फूल बहुशः त्याच युक्तीनें माणसाच्या हातून फळवावें लागतें. १८४८ मध्यें गुलामगिरी उठली तेव्हां त्याला स्वातंत्र्य आणि ‘आल्बियुस’ हें आडनांव मिळालें. धन मात्र मिळालें नाहीं, आणि १८८० मध्यें तो दारिद्र्यांतच मेला. त्याच्या युक्तीवर बागाईतदार गबर झाले. पुढें १८७४ मध्यें टीमान व हार्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं देवदाराच्या जातीच्या वृक्षांतील द्रव्यापासून व्हॅनिलाचें सत्त्व कृत्रिम रीतीनें बनविलें. झाक गेर्लँनें आपल्या घराण्याच्या ‘झिकी’ या १८८९ च्या सुगंधांत अशाच एका, पण त्याहून तीव्र अशा, कृत्रिम सत्त्वाची मात्रा ओतून पाहिली आणि त्यांतून शालिमार जन्मास आलें, असें सांगतात. म्हणजे या सुगंधाचे खरे पूर्वज दोन : एक गुलाम पोर व एक जर्मन प्रयोगशाळा. जाहिरातींत दोघांनाहि जागा नाहीं; कारण प्रेमिक बादशहा जितका सहज विकला जातो तितका उपाशी गुलाम विकला जात नाहीं.

नांव पूर्वेचें लावून माल पश्चिमेंत खपविण्याची ही कला शालिमारहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत काश्मिरी शाली युरोपांत जात तेव्हां कसर लागूं नये म्हणून त्यांत पाच या वनस्पतीचीं वाळलेलीं पानें घालीत. हीच ती पाच, जिचा हिरवा तुरा आपल्याकडे फुलांच्या वेण्यांत दिसतो. त्या वासावरून अस्सल शाल ओळखतां येते अशी तिकडील गिऱ्हाइकांची समजूत झाली. ही खूण हातीं लागतांच फ्रेंच विणकरांनीं पाच मागवून आपल्या नकली शालींस तोच वास देण्याचा धंदा सुरू केला, असें पीस या इंग्रज गांधिकानें त्या शतकाच्या मध्यास लिहून ठेविलें आहे. वासानें वस्त्राची साक्ष द्यावी आणि ती साक्ष खोटी असावी ! शालिमारच्या बाबतींत वासाची जागा नांवानें घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

एवढें बोलल्यावर कृतीच्या गुणांविषयीं मौन धरणें अन्यायाचें होईल. कारण आमच्या मतें शालिमार ही उत्तम रचना आहे. गोडपणा हा सुगंधाचा सर्वांत सोपा गुण आणि सर्वांत मोठा धोका. नुसती व्हॅनिला पाजली तर अंगास मिठाईच्या दुकानाची कळा येते. झाक गेर्लँनें हा धोका ओळखला, आणि गोडपणाच्या अलीकडे बर्गमॉटचा थंड पडदा व पलीकडे धूर आणि कमावलेलें कातडें यांचा करपट गंध योजिला. त्यामुळें गोडी येते ती उशिरा येते, आणि आल्यावरहि तिच्या मागें कांहीं जळल्याची छटा राहते. आमच्या भावनाप्रधान कथालेखकांनीं यापासून धडा घ्यावा असें आहे : करुण प्रसंग पहिल्याच पानावर ओतला तर वाचकाचें मन भरून येत नाहीं, तें किटून जातें. कन्नोजचें अत्तर तांब्याच्या डेगेंत फुलें उकळून, त्यांची वाफ बांबूच्या नळीनें भपक्यांत उतरवून, चंदनाच्या तेलांत मुरवितात. तें सुभाषितासारखें असतें, एकच अर्थ आणि तो पहिल्यापासून अखेरपर्यंत. पॅरिसचें मद्यार्कांतील द्रव्य आख्यानासारखें असतें. त्यास आदि, मध्य व अंत असून तासातासानें तें पालटतें. दोहोंचें शास्त्र भिन्न आहे, आणि एकाच्या मापानें दुसरें मोजूं नये.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. आज दुकानांत मिळणारें शालिमार हें १९२५ चें शालिमार नव्हे. बर्गमॉटच्या तेलांतील कांहीं घटकांनीं उन्हांत कातडीस इजा होते म्हणून ते काढून टाकण्यांत येतात. जवादी मांजराच्या मदाची जागा कृत्रिम द्रव्यांनीं घेतली आहे. ग्रंथाच्या भाषेंत बोलावयाचें तर हे पाठभेद आहेत, आणि मूळ पाठ तपासावयाचा झाल्यास व्हर्सायला १९९० मध्यें स्थापन झालेल्या, जुने सुगंध जतन करणाऱ्या ‘ऑस्मोतेक’ संस्थेकडेच जावें लागेल. पाठ बदलला तरी प्रस्तावना मात्र तीच राहिली आहे, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट होय.

खोट्या प्रस्तावनेनें कोणाचें काय बिघडतें, या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या एका कुपीनें दिलें आहे. १९७७ मध्यें ईव्ह सँ लोराँ या पेढीनें ‘ओपियम’, म्हणजे ‘अफू’, या नांवाचा सुगंध काढला. लवंग, दालचिनी व बोळ यांनीं भरलेला हा सुगंध. त्याच्या कुपीचा घाट जपानी लोक कमरेस बांधीत त्या डबीवरून घेतलेला. १९७८ मध्यें न्यूयॉर्क येथें त्याचा समारंभ झाला तो ‘पेकिंग’ नांवाच्या जुन्या शिडाच्या जहाजावर. तें जहाजहि वास्तविक हांबुर्गला बांधलेलें व चिलीहून सोरा वाहणारें, नांवापुरतेंच चिनी. परंतु अफू हें चीनच्या लोकांस नांवापुरतें नव्हतें. कंपनी सरकारची बंगाली अफू व मुंबई बंदरांतून गेलेली माळव्याची अफू यांनीं त्या देशाचीं घरेंदारें बसविलीं, आणि ती नाकारूं पाहतांच १८३९ ते १८४२ पर्यंतचें युद्ध व हाँगकाँगचें दान त्याच्या पदरीं आलें. अमेरिकेंतील चिनी वंशाच्या नागरिकांनीं नांव बदलावें, क्षमा मागावी म्हणून निषेध केला. नांव बदललें नाहीं, उलट खप वाढला. एका राष्ट्राचें दुःख दुसऱ्या राष्ट्राचें प्रसाधन होतें तें असें. आणि यांत आम्हीं महाराष्ट्रीयांनीं केवळ फिर्यादीच्या बाजूस उभें राहण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या कित्येक पेढ्यांचें वैभव याच व्यापारावर उभें राहिलें होतें. लवंगेचा इतिहासहि निर्मळ नाहीं. तिची मक्तेदारी टिकविण्यासाठीं डच कंपनीनें सतराव्या शतकांत मलुकु बेटांवरील लवंगेच्या बागा तोडून टाकविल्या, आणि जायफळासाठीं १६२१ मध्यें बांडा बेटांतील बहुतेक लोकवस्ती मारली अगर देशोधडीस लावली. ‘मसाल्यांच्या जुन्या व्यापारमार्गांची मोहिनी’ असें जाहिरातवाले लिहितात तेव्हां या मार्गांवर कोण चाललें व कोण चिरडलें गेलें, हें त्यांच्या गांवींहि नसतें.

अलीकडे या बाबतींत थोडी जागृति झाली आहे. सुगंधांचें वर्गीकरण करणाऱ्या मायकेल एडवर्ड्स यांच्या सर्वमान्य कोशानें २०२१ मध्यें ‘ओरिएंटल’ हा शब्द काढून त्या वर्गास ‘अंबर’ म्हणावें असें ठरविलें. ठराव स्तुत्य आहे. परंतु केवळ शब्द पुसल्यानें कथा पुसली जात नाहीं. वर्गाचें नांव गेलें, कुपीवरची बेगम राहिली.

दूरदेशींच्या गंधाची आवड धरणें हा मुळांत दोष नव्हे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. नाहींतर आमच्या लेखाचा भलताच अर्थ केला जाईल. प्राचीन गंधयुक्तींतहि समुद्रापलीकडला कापूर व परदेशचा धूप आहेच. पण त्यांच्या नांवांकडे पहा. अमरकोशांत सिल्ह नांवाच्या धूपद्रव्यास ‘तुरुष्क’ व ‘यावन’ असे पर्याय दिले आहेत. म्हणजे ज्यांच्याकडून माल आला त्यांचें नांव मालास दिलें. काश्मीरचें केशर तें काश्मीरज, मलय पर्वतावरचें चंदन तें मलयज. नांव म्हणजे ऋणाची कबुली होती. पॅरिसच्या कुपीवर ज्यांचें ऋण आहे त्यांचें नांव नाहीं, आणि ज्यांचें नांव आहे त्यांचें ऋण नाहीं. आमचा सारा आक्षेप या एका वाक्यांत सामावतो.

आणि मौज अशी कीं, खरी कथा जवळच पडली होती. ज्या जहांगिरानें काश्मीरची शालिमार करविली त्यानेंच आपल्या आत्मवृत्तांत गुलाबाच्या अत्तराचा शोध नोंदवून ठेविला आहे. त्याची सासू, नूरजहानची आई अस्मत बेगम, गुलाबपाणी करीत असतां तापलेल्या पाण्यावर तवंग जमलेला तिनें पाहिला, तो थोडाथोडा गोळा केला, आणि त्याचा एक थेंब तळहातास चोळला तरी सारी मजलस दरवळे, असें तो लिहितो. सलीमा सुलतान बेगमेनें त्यास ‘इत्रे जहांगिरी’ असें नांव दिलें. काय सुरेख प्रसंग आहे हा ! यांत ना विरह, ना संगमरवर. एक प्रौढ गृहिणी, एक भांडें व एक चौकस दृष्टि. पण यांतली बाई कोणाची लाडकी म्हणून उभी नाहीं, तर कर्ती म्हणून उभी आहे. आणि पूर्वेच्या स्त्रीस कर्ती म्हणून पाहण्याची १९२५ च्या पॅरिसला संवय नव्हती.

तेव्हां निर्णय काय ? रचना प्रथम श्रेणीची, प्रस्तावना खोटी. ज्यांस हा सुगंध परवडतो व आवडतो त्यांनीं तो खुशाल लावावा. मात्र त्याच्या कथेनें आपल्या मुलांमुलींस मोंगलांचा इतिहास शिकवूं नये. दुसरें असें कीं, परक्याची चिठ्ठी तपासतांना घरची चिठ्ठीहि तपासावी. चंदनतेल महागल्यापासून आपल्या बाजारांतील कित्येक अत्तरें पॅराफिनच्या तेलांत कृत्रिम वास मिसळून केलेलीं असतात, आणि तरी त्यांच्या बाटलीवर ‘अस्सल’ हा शब्द झळकतो. लग्नकार्यांत अत्तरगुलाब देणाऱ्या यजमानांपैकीं अत्तर कशांत मुरविलें आहे ही चौकशी किती जण करतात ? शालिमारच्या कर्त्यानें खोटी कथा सांगितली, पण गंध तरी जीव ओतून घडविला. आमच्याकडे कथा खरी आहे, आणि गंधच नकली होत चालला आहे. कन्नोजच्या भट्ट्या अजून विझलेल्या नाहींत. त्यांच्या मालास योग्य दाम देणारा जाणता ग्राहक तयार झाला, तर पॅरिसच्या पेढीवर केलेल्या या टीकेस कांहीं अर्थ राहील. एरव्हीं ती शेजाऱ्याच्या अंगणांतला केर दाखविण्यासारखीच ठरेल.